अकरा नावांचा दगड

नाशिक रोडच्या ख्रिस्ती दफनभूमीत निम्म्याहून जास्त कबरींवरची अक्षरं धोंडीराम साळवेच्या हातची. फाटकाबाहेर त्याची पत्र्याची शेड, शेडमध्ये एक पोतं अंथरलेलं, आणि त्या पोत्यावर चाळीस वर्षं बसून त्याने इथल्या चर्चच्या मंडळीतल्या तीन पिढ्या दगडावर घेतल्या. हा त्याचाच शब्द. 'नाव कोरलं' असं तो कधी म्हणत नसे. अमक्याला मी दगडावर घेतला, असं म्हणायचा. ऐकणाऱ्याला जरा कसंतरीच व्हायचं, पण जवळपास दुसरा पाथरवट नव्हता, त्यामुळे लोक ऐकून घ्यायचे.

त्याच्या कामाची एक रीत होती. माणूस गेला की आठवड्याभरात घरचं कोणीतरी चिठ्ठी घेऊन यायचं. चिठ्ठीवर नाव, जन्मतारीख, दुसरी तारीख. आणि नावाआधी हमखास 'श्री.' लिहिलेलं असायचं. सवय कुठे लगेच सुटते? कालपरवापर्यंत लाइटबिलावर, लग्नपत्रिकेवर तो माणूस 'श्री.'च होता की. धोंडीराम चिठ्ठी वाचायचा, घडी करून खिशात ठेवायचा, चूक म्हणून दाखवायचा नाही, आणि दगडावर 'श्री.'च्या जागी मुकाट्याने 'ख्रि.' घ्यायचा. ख्रि. म्हणजे ख्रिस्तवासी. इतरांत कैलासवासी म्हणतात, तसं आपल्यात ख्रिस्तवासी. पूर्ण शब्दाला जागा फार लागते, म्हणून त्यानेच हे आखडतं रूप पाडलं होतं, आणि पुढे मंडळीत सगळ्यांना ते कळू लागलं. महिन्याभराने घरचे लोक दगड बघायला यायचे, ते एक अक्षर वाचायचे, आणि तिथे पहिल्यांदा त्यांना खरं वाटायचं की माणूस गेला.

अलीकडे मात्र त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. चहाचा कप बशीवर वाजू लागला. छिन्नी धरली की हात थांबायचा, हे देवाचे उपकार, पण किती दिवस थांबेल याची खात्री डॉक्टरलाही देता येईना. त्यातून मशीनवर अक्षरं पाडून देणारी दुकानं निघालेली. धोंडीरामला त्याचं फार दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं, आणि ते त्याने बायकोला, सुमनबाईला, एकदा जेवता जेवता सांगून टाकलं.

"आख्खा जन्म मेलेली नावं घेतली मी. हात जायच्या आधी एक दगड जित्या माणसांचा व्हाया पायजे. एकच."

"मग घ्या की घराच्या दारावर तुमचं नाव," सुमनबाई म्हणाली.

"घराला दार हाय, दगड कुठंय?" धोंडीराम म्हणाला. घर विटांचं होतं.

अशात एका रविवारी उपासनेनंतर शेखर उजागरे उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की पुरुष मंडळाचे दहा जण केनियात चर्च बांधायला जाणार आहेत. शेखर उजागरे म्हणजे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले विधुर गृहस्थ. माणूस प्रामाणिक आणि कामाचा, पण मंडळीलाही आपलं पॉवर स्टेशन समजणारा. त्यांनी सगळ्यांना आठवण करून दिली की दीडशे वर्षांपूर्वी गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकच्या शरणपुरात वाढली, शिकली आणि परत मोंबासाकडे गेली. तिकडच्या एका खेड्यातल्या मंडळीला भिंती हव्यात. नाशिकने जायला नको का? मंडळी भारावून गेली. निवडलेल्या दहा जणांपैकी सात जणांनी आयुष्यात सिमेंटचं पोतं उचललेलं नव्हतं, हा प्रश्न त्या दिवशी कोणी काढला नाही.

कोनशिला इथूनच ग्रॅनाइटची, मशीनवर करून न्यायची, असं शेखरसाहेबांच्या यादीत होतं. धोंडीराम संध्याकाळी त्यांच्या घरी गेला.

"साहेब, देऊळ तिथलं आन् दगड इथला, हे बरं न्हवं. दगड त्याच मातीतला पायजे. मला न्या. मी तिथं बसून घेतो."

जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. शेखरसाहेबांना ते आवडत नसे, पण ते त्याच्या हाताकडे बघत होते. "धोंडूभाऊ, वय सहासष्ट. हात हा असा. काही झालं तर मी सुमनवहिनींना काय सांगू?"

"कागद आणा," धोंडीराम म्हणाला. खिशातल्या पेन्सिलीने त्याने 'शेखर' लिहिलं. रेघ सुतासारखी सरळ आली. शेखरसाहेबांनी तो कागद उजेडात धरून पाहिला. दहाचे अकरा झाले.

मोंबासापासून गाडीने तीन तास आत ते खेडं होतं. लाल माती, काजूची झाडं आणि मधोमध पत्र्याच्या छपराखाली भरणारी मंडळी. तिथले पास्टर जोसेफ तरुणपणी मोंबासाला एका गुजराती शेठच्या दुकानात नऊ वर्षं होते, त्यामुळे त्यांना मोडकी हिंदी यायची. जोतं गावकऱ्यांनी आधीच घालून ठेवलं होतं. भिंती चढवायला गावातले चार गवंडी होते आणि त्यांना मदत म्हणून आपले हे दहा. पहिल्या आठवड्यात मदत कोण कोणाला करतंय ते कळायला मार्ग नव्हता. सुनील पाटोळे नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेला. कागद मोजण्यात आयुष्य गेलं, आता हाताला फोड आले. पण माणूस हसरा, फोड आले तरी थट्टा चालू. शेखरसाहेब मात्र खरंच राबले. सकाळी पहिलं घमेलं त्यांचं आणि संध्याकाळी शेवटचंही.

धोंडीरामला काजूच्या झाडाखाली जागा दिली. दगड पिवळसर, वाळूचा, तीन फूट लांब, दोन फूट उंच आणि जाडीला चांगला नऊ इंच. नाशिकचा काळा दगड छिन्नीला झुंजवतो. हा मऊ होता, छिन्नी लोण्यासारखी चालायची. शेखरसाहेबांनी यादी दिली. वर चर्चचं नाव, खाली अकरा जणांची नावं, सगळ्यांना 'श्री.' लावून. पहिलं श्री. शेखर उजागरे, शेवटचं श्री. धोंडीराम साळवे. धोंडीरामने यादी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि गेरूने अक्षरं आखायला घेतली.

आठ दिवस तो कोणाशी फारसं बोलला नाही. गावातली राहेल नावाची म्हातारी त्याला पाणी आणून द्यायची आणि शेजारी बसून बघायची. तिला वाचता येत नव्हतं आणि त्याला तिची भाषा येत नव्हती, त्यामुळे दोघांचं छान जमलं. हात एकदाही हलला नाही. इतका आनंद त्याला लग्नानंतर झाला नव्हता, आणि हे तो सुमनबाईला सांगणारही होता.

गुरुवारी दुपारी त्याने दगड धुतला आणि सगळ्यांना हाक मारली. रविवारी नव्या चर्चच्या समर्पणाची उपासना, आणि दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. दहाही जण आले, दगडाभोवती उभे राहिले, आणि प्रत्येकाने आपापलं नाव शोधलं. 'पाटोळे'तला 'टो' बरोबर आहे ना, 'उजागरे'चा 'उ' ऱ्हस्व आहे ना, एवढं पाहिलं. माणूस दगडावर स्वतःचं नाव बघतो तेव्हा त्याला नावाशिवाय दुसरं काही दिसत नाही. सगळे खूष झाले. शेखरसाहेबांनी धोंडीरामच्या खांद्यावर हात ठेवला. सुनीलने फोटो काढून नाशिकच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवला आणि सगळे जेवायला बसले.

दहा मिनिटांत सुनीलचा फोन वाजला. त्याची बायको प्रतिभा होती, आणि ती रडत होती.

"तुम्ही बोलताय? तुम्हीच ना? काय झालं तिथं? गाडी उलटली का? कोण कोण गेलं?"

"कोण जाणार? जेवतोय आम्ही."

"मग दगडावर ख्रिस्तवासी का लिहिलंय? सगळ्यांच्या नावाआधी लिहिलंय! अकराच्या अकरा!"

तेवढ्यात दुसरा फोन वाजला, मग तिसरा. ताटं तशीच टाकून सगळे झाडाकडे धावले. ख्रि. शेखर उजागरे. ख्रि. सुनील पाटोळे. एकाखाली एक, सहा डावीकडे, पाच उजवीकडे, सुबक, एका मापाचे अकरा 'ख्रि.', शेवटचा धोंडीराम साळवे यांचा.

धोंडीरामने खिशातली यादी काढून उलगडली. श्री., श्री., श्री. चाळीस वर्षं ज्या हाताने चिठ्ठीतला 'श्री.' वाचून दगडावर 'ख्रि.' घेतला, त्या हाताला यावेळी कोणी सांगितलंच नव्हतं की ही माणसं जिवंत आहेत. तो दगडाशेजारी खाली बसला. हात थरथरू लागला आणि थांबेना.

"तरी मी विचारत होतो, हात चालेल ना म्हणून!" शेखरसाहेबांचा आवाज चढला. "हात चालला, पण डोकं? आठ दिवस, धोंडूभाऊ! अकरा वेळा! एकदाही दिसलं नाही? नाशिकला आता बायाबापड्या रडतायत. आणि रविवारी हा लावायचा? आपल्याच हाताने आपली कबर?"

सुनीलसुद्धा थट्टा विसरला. अंधश्रद्धा मानत नाही असं आपण सगळेच म्हणतो, पण स्वतःच्या नावाआधी ते एक अक्षर बघितलं की काय वाटतं, ते त्या दहा जणांना विचारावं. एकजण म्हणाला, सिमेंट फासून टाकू. दुसरा म्हणाला, नवीन दगड आणू. पण खाणीतून असा दगड यायला महिना लागला होता.

गलका ऐकून पास्टर जोसेफ आले, मागून राहेल. "क्या हुआ? क्या ग़लत लिखा?"

सुनीलने कसंबसं समजावलं. "यहाँ लिखा है, ख्रिस्त में रहनेवाला. ख्रिस्तवासी."

पास्टर विचारात पडले. "तो? आप लोग ख्रिस्त में नहीं रहते?"

मग सुनीलचा चेहरा उजळला. "बघा की! शब्दाचा अर्थ तर चांगलाच आहे. नाशिकला तसंच सांगू. मुद्दाम घेतलं म्हणून सांगू!" बाकीच्यांनी माना हलवल्या. एवढं सोपं उत्तर मिळाल्यावर कोण सोडतो? शेखरसाहेबांचाही राग उतरू लागला होता.

पण धोंडीराम उठला. "न्हाय," तो म्हणाला. "तसं सांगायचं न्हाय. मी मुद्दाम घेतलं न्हाय. मेलेल्याचा शब्द हाय तो. त्यो घेतला म्हंजे काय व्हतं, ते मला ठावं. ते एक अक्षर वाचून बाया माझ्यासमोर खाली बसल्यात. आज खोटं बोललो, तर त्या समद्या दगडांवर मी काय लिवलं मग?" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "एकच दगड मागितला व्हता मी देवाकडं. जित्यांचा. माझ्या हाताला येतंच न्हाय ते. माफ करा मला."

त्या दिवशी पुढे कोणी काम केलं नाही. धोंडीराम जेवला नाही.

शुक्रवारी उजाडताच त्याने सुनीलला आणि गावच्या गवंड्यांना बोलावलं, पहारी लावून दगड पालथा केला, आणि मागच्या ओबडधोबड बाजूला छिन्नी लावली. ती बाजू सपाट व्हायला आख्खा दिवस जाणार. उरतो शनिवार. शनिवारी बसून फार तर एक नाव होईल, अकरा होणार नाहीत.

दुपारी शेखरसाहेब झाडाखाली आले. धोंडीरामच्या शेजारी मातीतच बसले. स्वच्छ कपड्यांचं त्यांना फार, पण बसले.

"काल मी जास्त बोललो," ते म्हणाले.

"खरं तेच बोलला."

"एक नाव होईल म्हणालात. सगळ्यांचं म्हणणं पडलंय की माझं घ्यावं. मी प्रमुख म्हणून."

धोंडीराम छिन्नी चालवत राहिला. "घेतो की. ह्या बारीला 'श्री.' घेतो. सोन्यासारखा घेतो."

"घेऊ नका." शेखरसाहेबांनी हातातली काटकी मोडली. "खरं सांगू का धोंडूभाऊ? काल राग आला, तो चूक झाली म्हणून नाही आला. ही सगळी खटपट मी कशासाठी केली, ते मला त्या दगडावर दिसलं. मूलबाळ नाही. मनीषा गेली. म्हटलं, कुठेतरी नाव राहावं. मनीषाच्या दगडावर तिच्या नावाखाली तुम्ही माझ्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे ना?"

"हाय. दीड फूट."

"तेवढी पुरे मला."

धोंडीरामने छिन्नी खाली ठेवली. मंडळीत तीस वर्षं एकमेकांना ओळखणारी दोन माणसं, पण असं मातीत शेजारी बसण्याची वेळ आली नव्हती. राहेल पाणी घेऊन आली, तेव्हा शेखरसाहेबांनी आधी भांडं धोंडीरामच्या हातात दिलं आणि मग स्वतः प्याले.

"मग काय घेऊ?" धोंडीरामने विचारलं.

ते दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणून पास्टर जोसेफना बोलावलं आणि विचारलं की तुम्हाला काय हवंय. हा प्रश्न तीन आठवड्यांत त्यांना कोणी विचारला नव्हता. पास्टरनी तो राहेलला विचारला. म्हातारी लाजली, हसली, आणि एकच शब्द बोलली.

"करिबुनी."

"मतलब?" शेखरसाहेबांनी पास्टरना विचारलं.

"मतलब, आओ. आप सब आओ. अंदर आओ."

"म्हंजे आपलं 'या'," धोंडीराम म्हणाला. मग तो शब्द त्याने मनात घोळवला आणि कालपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला. चाळीस वर्षांत त्याने शेकडो दगड घेतले होते. कबरीवर काय काय लिहितात ते सगळं लिहिलं होतं. पण 'या' म्हणणारा दगड त्याच्या हातून झाला नव्हता. दफनभूमीत तसा दगड कोण लावून घेईल? तो शब्द फक्त जिवंत माणसाला म्हणता येतो, आणि जिवंत माणूसच म्हणू शकतो.

पास्टरनी कागदावर आठ इंग्रजी अक्षरं मोठी करून लिहून दिली. शनिवारी सूर्य उगवायच्या सुमारास धोंडीराम बसला. प्रत्येक अक्षर आधी त्याने राहेलला दाखवलं, मग पास्टरला, मग सुनीलला, आणि तिघांनी मान हलवल्याशिवाय छिन्नी लावली नाही. हात आता थरथरत होता. दोन घावांच्या मध्ये थांबावं लागत होतं. अक्षरं पहिल्या बाजूइतकी सुबक आली नाहीत, शेवटचं तर किंचित कललं. पण ती त्याने डोळे उघडे ठेवून घेतली होती.

रविवारी सकाळी मंडळी जमली. दाराच्या उजव्या हाताला भिंतीत दगडाची जागा सोडलेली होती. दगड फळ्यांवर उभा केला, आठ अक्षरं लोकांकडे आणि अकरा नावं भिंतीकडे. सुनीलने चुन्या-सिमेंटचं घमेलं आणलं. मागच्या बाजूला माल थापायचा आणि दगड आत सरकवायचा, एवढंच काम. गवंडी पुढे झाला, पण शेखरसाहेबांनी त्याच्या हातातली थापी मागून घेतली.

ते नावांसमोर उभे राहिले. पहिलं नाव त्यांचंच होतं. त्यांनी ते वाचलं, अगदी दगडावर होतं तसं.

"ख्रिस्तवासी शेखर उजागरे." मग त्यांनीच उत्तर दिलं, "आहे." आणि त्या नावावर माल थापला.

मागच्या दहा जणांना आधी कळलं नाही. मग कळलं.

"ख्रिस्तवासी सुनील पाटोळे."

"आहे," सुनील म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

एक नाव वाचायचं, त्या माणसाने आहे म्हणायचं, आणि नाव मालाखाली जायचं. गावकऱ्यांना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी टोप्या काढल्या. दहा नावं झाली. खालच्या कोपऱ्यातलं एक राहिलं.

"ख्रिस्तवासी धोंडीराम साळवे."

धोंडीरामने एकदा त्या अक्षरांकडे बघितलं, एकदा उभ्या माणसांकडे.

"हाय," तो म्हणाला.

शेखरसाहेबांनी थापी त्याच्या हातात दिली. त्याने स्वतःचं नाव स्वतः लिंपलं, कोपरा नीट भरला, आणि बाजूला झाला. मग अकराही जणांनी मिळून दगडाला खांदा दिला.